वजन कमी झालं की आत्मविश्वास येतो का?

ओंजळ

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते.

गेल्या दीड-दोन वर्षांत माझं वीसेक किलो वजन उतरलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश, खाण्यात बदल आणि नियमित चालणं या जोरावर. तब्येतीला फायदा झाला यात शंका नाही. गुडघे दुखायचे थांबले, झोप सुधारली, रक्तदाबाच्या गोळीचा डोस कमी झाला. त्याबद्दल मी मनापासून समाधानी आहे.

पण मी आणखी एक गोष्ट गृहीत धरून बसले होते. वजन उतरलं की मी बैठकीत न अडखळता बोलेन, पोहायला शिकेन, नव्या लोकांत मिसळेन, फोटोत मागच्या रांगेत सरकणार नाही. कॉलेजपासून ही सगळी यादी 'बारीक झाल्यावर' या एका अटीवर अडकून होती. आता अट पूर्ण झाली आणि यादी जिथल्या तिथे आहे. ग्रुप फोटो म्हटलं की आजही पर्स आपोआप पोटासमोर येते. कपड्यांच्या दुकानात हात जुन्या मापाकडेच जातो आणि ट्रायल रूममधून दोनदा बाहेर येऊन लहान माप मागावं लागतं.

शिवाय दोन नव्या गोष्टी मागे लागल्यात. सकाळी काट्यावरचा आकडा दिवसभराचा मूड ठरवतो. आणि कुणी 'किती छान दिसतेस आता' म्हटलं की आनंद व्हायच्या आधी मनात येतं, म्हणजे इतकी वर्षं हे लोक माझ्याकडे बघून काय म्हणत असतील?

ज्यांचं वजन उतरलंय, त्यांना विचारायचंय: तुम्हाला आत्मविश्वास आला का? आला असेल तर नेमका कशातून? आणि नसेल आला, तर पुढे काय केलंत?

निनाद_स

मला आला, आणि भरपूर आला. कशातून ते सांगतो.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद असली की मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचो आणि खिशातून फोन काढून बघत राहायचो, जणू काही महत्त्वाचा मेसेज आलाय. मागून येणाऱ्याला माझी धाप कळू नये एवढाच हेतू. सगळे पुढे गेले की उरलेला जिना चढायचो. आता सहकाऱ्यांशी बोलत बोलत वर जातो. माझ्या आत्मविश्वासाचा मोठा भाग त्या जिन्यावर आलेला आहे. आरशाचा वाटा त्यात फार कमी.

उनाड_पक्षी

वाचतोय. महत्त्वाचा धागा.

शुभदा_म

ओंजळ, फोटो आणि पर्स वाचून मान डोलावली. शरीर बदलतं तेवढ्या वेगानं मनातलं शरीराचं चित्र बदलत नाही. वजन बरंच उतरलेली माणसं कितीतरी काळ दारातून आडवी होऊन जातात, खुर्ची पेलेल का ते आधी हातानं दाबून बघतात. त्यात तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात नाही. वेळ लागतो, बस.

काट्याबद्दल मात्र ठामपणे सांगते, कारण मी आहारतज्ज्ञ आहे आणि रोज हेच समजावते. रोजच्या आकड्यात चरबीची गोष्ट फारच थोडी असते. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्यातल्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. आदल्या दिवशी जेवण जास्त झालं, मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, बद्धकोष्ठ झालं, व्यायामानं स्नायू आंबले, यांतलं काहीही झालं तरी काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. एका रात्रीत किलोभर चरबी चढायची तर गरजेपेक्षा सात हजारांहून जास्त कॅलरी जादा खाव्या लागतील. तू त्या खाल्लेल्या नाहीस. मग तो आकडा बघून दिवस का वाया घालवायचा?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर. आणि बघायचं ते महिन्याभराचं वळण.

पायवाट

माझा अनुभव निनादच्या उलट दिशेचा आहे, आणि तो लिहिताना मला अजूनही राग येतो.

मी तांत्रिक क्षेत्रात काम करते. पूर्वी बैठकीत मी काही सुचवलं की लोक मान हलवायचे आणि पुढचा मुद्दा सुरू व्हायचा. तीच सूचना पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणी केली की लिहून घेतली जायची. वजन उतरल्यावर तेच लोक, तीच खोली, माझं ज्ञानही तेच, आणि आता मी बोलायला लागले की लॅपटॉपवरच्या नजरा वर येतात. लिफ्टमध्ये अनोळखी लोक दार धरून ठेवतात. दुकानात विक्रेती स्वतःहून पुढे येते.

साहजिकच मी जास्त बोलायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिचा आत्मविश्वास वाढला. वाढला तो लोकांचा माझ्यावरचा विश्वास. त्यामुळे 'वजन उतरलं की आत्मविश्वास येतो' हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, आधी तो काढून कुणी घेतला होता?

मीनल२

पायवाट, +१००. शेवटच्या प्रश्नासाठी उभी राहून टाळ्या.

अतुल_पी

इथला सूर मला पटत नाहीये, म्हणून लिहितो. राग मानू नये.

समाज वाईट वागतो हे मान्य. पण समाज बदलेपर्यंत थांबणार का? माझं वजन शंभराच्या वर होतं. पहाटे उठून पळायला लागलो, रात्रीचं अरबटचरबट बंद केलं, वजन उतरलं. शिस्त लागली की वजन उतरतं आणि शिस्तीतूनच आत्मविश्वास येतो. लोकांना शिस्त नको असते, म्हणून मग 'आहे तसं स्वीकारा' वगैरे सुरू होतं. ओंजळताईंनी एवढं करून दाखवलंय, तर त्यांनी ताठ मानेनं वावरावं. प्रश्न कशाला पडायला हवेत?

ओंजळ

अतुलदादा, ताठ मानेनं वावरायला मलाही आवडेल. पण मान आदेशानं ताठ होत नाहीये, म्हणून तर धागा काढला :)

स्टेथोवाला

मी डॉक्टर आहे. अतुल यांनी शिस्तीचा मुद्दा काढलाच आहे म्हणून थोडं सविस्तर.

शिस्तीचं महत्त्व आहेच. पण वजन हे केवळ शिस्तीचं प्रगतिपुस्तक नाही. आनुवंशिकता, झोप, ताण, स्टेरॉइड्स, इन्सुलिन, नैराश्यावरची आणि इतर मानसिक आजारांवरची काही औषधं, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा एक विकार), हे सगळं वजनावर परिणाम करतं. थायरॉइडनंही वाढतं, पण सहसा लोक समजतात तेवढं नाही. आणि वजन उतरल्यावर शरीर गप्प बसत नाही. भुकेची संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याची जाणीव देणारी कमी होतात, खर्च होणाऱ्या कॅलरीही घटतात. अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. शिस्तीत ती माणसं कुणाला हार जाणारी नव्हती.

दुसरी गोष्ट, जी मला दवाखान्यात रोज दिसते. वजनावरून बोलणी खावी लागतील या धास्तीनं लोक डॉक्टरकडे येतच नाहीत. खोकला घेऊन आलेल्या माणसालाही आम्ही आधी वजनावर ऐकवतो, हे आमच्या व्यवसायाचं अपयश आहे. २०२० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये वजनावरून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय निवेदन आलं, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की अशा हेटाळणीनं शारीरिक आणि मानसिक नुकसान होतं आणि योग्य उपचार मिळणं अवघड होतं. लाज वाटायला लावली की माणूस बारीक होतो, हा समज चुकीचा आहे. लाजेनं माणूस लपून खातो आणि व्यायामाला चारचौघांत जाणं टाळतो.

ओंजळ, तुम्हाला एक सांगतो. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी रक्तदाब, साखर, सांधे यांत फरक दिसायला लागतो. तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे आहात. तब्येतीचं काम झालेलं आहे. आता जे उरलंय ते काट्यावरून सुटणारं नाही.

कुंपणावरची_चिमणी

माझी सहा वर्षांची लेक परवा बाथरूममधून ओरडली, 'आई, या काट्याला विचारू नकोस, तो मलासुद्धा दर महिन्याला वाढलीस म्हणतो!' तिच्या दृष्टीनं वाढणं ही आनंदाची बातमी आहे. शाळेत उंची-वजन झालं की घरी नाचत येते.

त्या दिवशी ठरवलं, तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवायची नाहीत. हा नाच कुठल्या वर्षी थांबतो ते मला माहीत आहे आणि तो माझ्यामुळे थांबायला नको.

शुभदा_म

चिमणी, किती गोड! आणि निर्णय सोळा आणे योग्य. मुलं आपला उपदेश विसरतात, आपण आरशासमोर काय पुटपुटतो ते विसरत नाहीत.

ग्रंथकीडा

भूक आणि मन यांचा संबंध समजून घ्यायचा तर मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग माहीत असायला हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. शरीरानं आणि मनानं खणखणीत असलेलेच घेतले होते. सहा महिने त्यांना रोज साधारण १,५०० ते १,६०० कॅलरींचं खाणं दिलं आणि भरपूर चालायला लावलं. वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं.

घटलं ते फक्त वजन नव्हतं. ही मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, एकलकोंडी झाली. दिवसभर खाण्याचेच विचार. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खायला लागले. बरं, हे सगळे स्वखुशीनं आलेले आणि तत्त्वासाठी युद्धात लढायला नकार दिलेले लोक. मनाचा निग्रह त्यांना कमी पडला असं कोण म्हणेल?

आज कितीतरी आहारयोजना याहून कमी कॅलरी सांगतात, आणि ती योजना पाळताना माणूस चिडला, रडला, घसरला की खापर त्याच्या निग्रहावर फुटतं. उपाशी मेंदूकडून आत्मविश्वासाची अपेक्षा करणंच मुळात चूक आहे.

निनाद_स

अवांतर: हेच ते कीज, ज्यांनी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) हे नाव रूढ केलं?

ग्रंथकीडा

होय, तेच. १९७२ च्या शोधनिबंधात. सूत्र मात्र त्याहून खूप जुनं, बेल्जियमचे केतले यांनी १८३० च्या दशकात मांडलेलं. केतले हे खगोल आणि संख्याशास्त्राचे माणूस. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणाला लठ्ठ ठरवायचं नव्हतं. एकेका माणसाच्या तब्येतीचा निकाल लावायला ते सूत्र बनलेलंच नाही.

स्टेथोवाला

अवांतरात थोडी भर. बीएमआय टाकाऊ नाही, लोकसंख्येच्या पातळीवर उपयोगी आहे. पण चरबी कुठे आहे हे तो सांगत नाही. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००४ मध्ये आपल्यासाठी २३ आणि २७.५ हे आकडे लक्ष द्यायला सुचवले. घरच्या घरी सोपं हवं असेल तर टेप घ्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनंही २०२२ मध्ये हे माप सुचवलं आहे.

आता मूळ विषयाकडे :)

काडीपैलवान

इथे सगळे वजन उतरलेले बोलतायत, मी दुसऱ्या टोकाचा आहे. माझं वजन वाढत नाही. शाळेत 'वाऱ्यानं उडशील', कॉलेजात 'हाडांचा सापळा', आणि आज चाळिशीत 'काही आजार आहे का?' अर्ध्या बाह्यांचा शर्ट मी कित्येक वर्षांत घातला नाही. मनगटं दिसतात.

तुम्ही सगळे जे लिहिताय ते शब्दन्‌शब्द मला लागू आहे. 'जरा अंगानं भरलो की' ही माझीही यादी आहे. म्हणजे प्रश्न वजन जास्त असण्याचा नसावा. कुणीतरी लहानपणी आपल्या शरीरावर शेरा मारला आणि आपण त्या शेऱ्याच्या आज्ञेत राहिलो, असं मला वाटतं.

पायवाट

काडीपैलवान, हे तुम्ही इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. बारीक माणसाला टोमणा मारला तर तो टोमणा आहे असंही लोकांना वाटत नाही. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्या घाला हो, खरंच.

अनामिक_सखी

हे लिहू की नको असं होत होतं. लिहिते, कारण इथे तरुण मुलीही वाचत असतील.

माझ्या धाकट्या बहिणीनं कॉलेजात असताना वजन उतरवायला सुरुवात केली. गरज फारशी नव्हती, पण कुणीतरी काहीतरी बोललं होतं. सुरुवातीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. काका, मावश्या, मैत्रिणी, जो तो कौतुक करत होता. कौतुक वाढलं तसं तिचं जेवण आणखी कमी झालं. ताटात वाढलेलं इकडून तिकडे सरकवत बसायची आणि 'मघाशीच खाल्लं' म्हणून उठायची. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायला लागली. पाळी थांबली. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके मिळायला लागले. आणि त्याही अवस्थेत एका लग्नात तिला बायका विचारत होत्या, 'काय करतेस गं, आम्हालाही सांग.'

अॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार, आहे हे कळायला आम्हाला उशीर झाला. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ, सगळे लागले. आज ती बरी आहे, नोकरी करते. पण वजन उतरत होतं त्या काळात तिचा आत्मविश्वास शून्यावर होता, आणि बाहेरून ती सगळ्यांना 'काय मस्त दिसतेय' वाटत होती.

म्हणून हात जोडून विनंती. कुणाचं वजन उतरलेलं दिसलं की लगेच कौतुक करू नका. त्यामागे आजार असतो, दुःख असतं, कधी मधुमेहाची सुरुवात असते. 'कशी आहेस?' विचारा, ते पुरतं.

मीनल२

सखी, तुला आणि बहिणीला घट्ट मिठी.

स्टेथोवाला

सखी यांनी लिहिलेली लक्षणं सगळ्यांनी लक्षात ठेवावीत: पाळी थांबणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, चक्कर, जेवणाच्या वेळा टाळणं, खाल्ल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं. हा जिवावर बेतू शकणारा आजार आहे आणि मुलग्यांनाही होतो. वजन 'नॉर्मल' दिसत असलं तरी होऊ शकतो. वाट बघू नका.

सुईदोरा

मी इंजेक्शनवाली. धाग्यात कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सेमाग्लुटाइड घेऊन माझं वजन उतरलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, मधुमेह होता म्हणून. ज्या बाईच्या डोक्यात चोवीस तास खाण्याची कुजबुज चालायची, तिच्या डोक्यात अचानक शांतता झाली. तेव्हा पहिल्यांदा कळलं की इतर लोक इतके निवांत जगत होते. मी इतकी वर्षं स्वतःला हावरट समजत होते.

पण लोक म्हणतात, 'हे काय, सुई टोचून कुणीही बारीक होईल.' त्यामुळे अभिमान वाटून घ्यायचीही चोरी. आणि भीती आहेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, औषध नसलेली नुसती सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे माझा आत्मविश्वास वजनावर टेकलेला असेल तर तो औषधाच्या पुरवठ्यावर टेकलेला आहे. मला तो दुसऱ्या कशावर तरी उभा करायचाय.

अतुलदादा, तुम्हाला विचारते, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण शिस्त कमी पडली म्हणतो का?

अतुल_पी

सुईदोरा, नाही म्हणत. तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि औषधाला माझा विरोध नाही. सखीताईंचा प्रतिसाद वाचून तर सुन्न झालो.

पण माझं म्हणणं मी सोडत नाही, नीट मांडतो. पहाटे गजर झाल्यावर उठायचं की नाही, हा निर्णय माझा होता. स्वतःला दिलेला शब्द पाळता येतो हे मला त्यातून कळलं. पुढे नोकरी बदलली ती त्याच जोरावर. वजन उतरलं नसतं तरी हे मिळालं असतं का? मला वाटतं, मिळालं असतं.

वेचक

अतुल आणि निनाद एकच गोष्ट सांगतायत आणि तिचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, विश्वासाच्या माणसाचं प्रोत्साहन, आणि शरीराला त्या वेळी काय जाणवतं ते. यांतली पहिली वाट सर्वांत दमदार. निनादचा जिना, अतुलची पहाट ही पहिल्या वाटेची उदाहरणं आहेत. आणि हा विश्वास कामाकामाचा वेगळा असतो. जिना चढता आला म्हणून बैठकीत बोलता येईलच असं नाही.

ओंजळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. तुम्ही वजन उतरवायचं काम केलंत, तर वजन उतरवता येतं हा विश्वास तुम्हाला आला आहे, तो कुणी नाकारणार नाही. पण बैठकीत बोलायचं, पाण्यात उतरायचं, फोटोला पुढे उभं राहायचं, हे तुम्ही अजून केलेलंच नाही. इतकी वर्षं ते राखून ठेवलं होतं. मग त्याचा आत्मविश्वास येणार कुठून?

स्वतःबद्दलचा आदर ही वेगळी गोष्ट. तो मोजायला मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची प्रश्नावली आजही वापरतात. त्या दहांत शरीराचा, वजनाचा, दिसण्याचा एकदाही उल्लेख नाही. 'माझ्यात काही चांगले गुण आहेत', 'इतरांइतकंच मलाही काम जमतं' अशी विधानं आहेत. वजन घटलेल्या लोकांचा हा आदर सरासरीनं थोडाफार वाढतो असं अभ्यासांत दिसतं, पण माणसामाणसांत फरक मोठा असतो. ज्यांनी सगळी भिस्त दिसण्यावर ठेवली, त्यांची निराशा व्हायची शक्यता जास्त.

उनाड_पक्षी

वेचकताई, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

लोखंडी_फुलपाखरू

उशिरा आले, पण वेचक यांच्या पहिल्या वाटेला माझी साक्ष.

माझं वजन उतरलं होतं, मग आजारपणात बरंचसं परत आलं. पहिल्या वेळी बारीक झाले तेव्हा रोज धास्ती होती. त्यानंतर वजनं उचलायला शिकले. बारबेल पहिल्यांदा जमिनीवरून सुटली तो क्षण लख्ख आठवतो. तळहाताला धातूचा गारवा, दाबून धरलेला श्वास, आणि पलीकडून प्रशिक्षक बाईंचा 'पाठ सरळ, पाठ सरळ' असा आवाज. बार उचलला तेव्हा माझं पोट पँटच्या पट्ट्यावरून बाहेर डोकावत होतं. पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही, कारण ते पोटही कामाला लागलेलं होतं.

आता माझं वजन तेव्हापेक्षा जास्त आहे. सासूबाईंची व्हीलचेअर मी एकटी गाडीत चढवते. बोलायचं तिथे बोलते.

काडीपैलवान

फुलपाखरूताई, बारीक माणसाला हे जमेल का? गंभीरपणे विचारतोय.

लोखंडी_फुलपाखरू

काडीपैलवान, तुम्हाला तर आधी जमेल. हलक्या वजनानं सुरू करा, पहिले काही आठवडे फक्त पद्धत शिकायची. कुणीतरी जाणकार समोर हवा, व्हिडिओ बघून एकट्यानं नको.

पायवाट

वेचक, सगळं पटलं, पण एक भर घालते. बैठकीत बोलून बघ असं ओंजळला सांगणं सोपं आहे. समोरचे ऐकणारे असतील तरच अनुभव चांगला येईल ना? मी पूर्वीही बोलत होते आणि बोलूनबोलूनच माझा विश्वास कमी झाला होता. त्यामुळे सुरुवात कुठे करायची ते नीट निवडावं. आधी ऐकून घेणारी माणसं, मग बाकीची. आणि बैठकीत कुणा शांत बसलेल्या बाईचं वाक्य मधेच तुटलं, तर 'तिचं पूर्ण होऊ द्या' म्हणणारा माणूस आपल्यातल्या प्रत्येकाला होता येईल. मी आता न चुकता होते.

वेचक

पायवाट, पूर्ण सहमत. जिथे वारंवार पडणारच आहोत तिथे सुरुवात करू नये, हे मी लिहायला हवं होतं.

ओंजळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. इतक्या मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

वेचकताई, 'राखून ठेवलं होतं' हे नेमकं लागलं. मी वजनाला सगळ्याची किल्ली समजत होते आणि दारं ढकलून बघितलीच नव्हती. पायवाट, तुझा रागही मला हवा होता. इतके दिवस मला वाटत होतं की कौतुकाचा त्रास होतो म्हणजे मी कृतघ्न आहे. सुईदोरा, डोक्यातली कुजबुज मला चांगलीच माहीत आहे, तुझ्याशी एकदा सविस्तर बोलायचंय.

शुभदा म्हणतेय तसा काटा आठवड्यातून एकदाच. नवऱ्याला तो माळ्यावर ठेवायला सांगितलाय आणि रविवारीच काढायचा ठरलंय. बैठकीचं म्हणाल तर आमच्या टीमच्या छोट्या बैठकीत एक विषय मी मांडते असं आज कळवून टाकलंय. तिथली चारही माणसं ऐकून घेणारी आहेत.

पोहण्याचं अजून धाडस होत नाही. वजन उतरल्यावर दंडांची आणि पोटाची त्वचा लोंबते, ते कुणी सांगितलं नव्हतं. पोहण्याच्या पोशाखात ती दिसणार. कुणाचा अनुभव?

सुईदोरा

माझीही लोंबते. पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा पोशाख मिळतो, तो घेतला. पहिल्या दिवशी काठावर टॉवेल गुंडाळून बराच वेळ उभी होते. पाण्यात उतरल्यावर गळ्यापर्यंत सगळ्याच सारख्या. शिकणाऱ्या प्रत्येकीचं लक्ष स्वतःच्या नाकात पाणी जातंय का याकडे असतं.

स्टेथोवाला

लोंबणारी त्वचा ही नेहमीची गोष्ट आहे. वय, वजन किती वर्षं होतं आणि किती उतरलं, यावर ती अवलंबून असते. मलमांनी फारसा फरक पडत नाही, त्यावर पैसे घालवू नका. घडीत घाम साचून पुरळ येत असेल तर दाखवून घ्या. स्नायू भरले की थोडा उठाव येतो, त्यामुळे फुलपाखरू यांचा मार्ग चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून या दोन दिवसांना महत्त्व आहे.

ओंजळ

धन्यवाद डॉक्टर. सुईदोरा, तो पोशाख कुठल्या कापडाचा आहे ते सांगशील? आणि शिकायला कुठली वेळ बरी, गर्दी कधी कमी असते?

सुईदोरा

पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्सचं मिश्रण. सुती अजिबात नको, पाणी पिऊन जड होतं. माप चालू शरीराचं घे, जुन्या सवयीनं मोठं घेऊ नकोस, पाण्यात फुगतं. दुपारी दोन ते चार गर्दी सगळ्यात कमी असते. शिकवणाऱ्या बाई असतील अशी बॅच आधी फोन करून विचार.